'निमंत्रित कलाकार' म्हणून पत्र आलंय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

१,४२,१०० रुपये गेले. माझ्या एकट्याचे नाहीत, १४ कलाकारांचे, पण गेले माझ्या खात्यातून, त्यामुळे गावातल्या अर्ध्या लोकांना वाटतं की मीच खाल्ले.

तळकोकणात तालुक्याच्या गावी आमचं छोटं कला केंद्र आहे. मी तिथलं ऑफिस बघतो, म्हणजे क्लासची फी घेण्यापासून सतरंज्या झटकेपर्यंत सगळं. पगार १४,०००. आमचे कलाकार म्हणजे शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर, लाकडी खेळणी रंगवणाऱ्या ताई, चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवून गोष्ट सांगायच्या जुन्या कलेच्या, शैलीत काम करणारी दोन पोरं, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, रंगकाम करून उरलेल्या वेळात कॅनव्हासवर बसणारे. मुंबईत चित्र लागणं ही यांच्यासाठी काय गोष्ट आहे ते तुम्हाला सांगायला नको. आणि आम्हाला फसवणाऱ्या त्या माणसालाही सांगायला लागलं नाही.

केंद्राच्या व्हॉट्सॲपवर पत्र आलं, काळा घोड्याच्या एका नामांकित गॅलरीत कोकणातल्या कलाकारांचा ग्रुप शो, प्रत्येकी ७,५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ८,८५०. पुढचं सगळं नेहमीचंच, जागा थोड्या, मुदत आजची, त्यामुळे ते लिहीत बसत नाही. पण त्याने आमच्या मागच्या प्रदर्शनातल्या चित्रांची नावं घेतली, ताईंच्या खेळण्यातली बैलजोडी कशी वेगळी आहे ते बोलला. सगळं आमच्याच फेसबुक पेजवरून उचललेलं, हे नंतर कळलं. फोटोंखाली कलाकारांचे मोबाईल नंबर टाकत असाल तर आजच काढा.

आणि लोक म्हणतात ना 'चौकशी करायची होती', तर केली होती! जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघितला. खरा निघाला, कंपनीपण चालू. फक्त कंपनीचा आणि या माणसाचा काही संबंध नव्हता, त्याने नंबर कुठल्यातरी बिलावरून उचलला होता. नंबर खरा निघाला म्हणजे समोरचा खरा निघाला असं होत नाही, हे कोण कधी सांगतं? त्या कंपनीचा फोन नंबर स्वतः शोधून तिथे विचारा, पत्रावरच्या नंबरवर नाही.

आता ती जागा, जिथे मला अजून रात्री जाग येते. यूपीआय आयडी टाकल्यावर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. गॅलरी नाही, ट्रस्ट नाही, मोबाईलची कव्हरं विकणारा! मी लगेच फोन करून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, सर, गॅलरीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे आमच्या प्रिंटिंगवाल्याचं खातं. आमच्या संस्थेचंपण ऑडिटच्या वेळी असंच काहीबाही चालतं, म्हणून पटलं. बरं, यूपीआयची लिमिट १ लाखाची, त्यामुळे त्या दिवशी १,००,००० गेले आणि २३,९०० दुसऱ्या दिवशी. म्हणजे मध्ये अख्खी रात्र होती. त्याच संध्याकाळी ड्रॉइंगचे सर पायरीवर बसून म्हणाले होते, "थंय तारीख गावाक वर्सां लागतत रे." म्हणजे तिथे तारीख मिळायला वर्षं लागतात. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी तारखेसाठी किती थांबावं लागतं हे चित्रकारांना माहीत असतंच, इथे एका फोनवर तारीख मिळत होती. पण सर हे म्हणाले आणि स्वतःचे ८,८५० पण माझ्या हातात दिले, ते कोणी लक्षात घेत नाही.

मग इन्शुरन्स आणि कॅटलॉगचे प्रत्येकी १,३००, म्हणजे १८,२००. त्यानंतर 'परत मिळणारं डिपॉझिट' म्हणून ४९,००० मागितले तेव्हा मी गॅलरीत थेट फोन लावला. असा कुठलाही शो नव्हता. त्या माणसाने आमचा नंबर तोवर ब्लॉक केला होता.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लागता लागेना, लागला तेव्हा तक्रार नंबर मिळाला आणि मला वाटलं झालं आता. पोलीस ठाण्यात म्हणे हे सायबरचं, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला म्हणे आधी तुमच्या ठाण्यातून या. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, असतो, हे मी म्हटलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" बँकेत तर एक मॅडम म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात ना, मग आम्ही काय करणार. सगळ्यात कहर म्हणजे पगार १४,००० आणि खात्यात एवढे पैसे आले कुठून, याचा जबाब माझ्याकडूनच घेतला! चोर राहिला बाजूला. कलाकार तक्रार द्यायला आले तर त्यांना सांगितलं, तुम्ही तर याला पैसे दिलेत, फसला हा, तुम्ही कसली तक्रार देता. त्या दुकानाच्या खात्यात ४,२१२ रुपये गोठवलेत म्हणे, तेवढे सोडवायलासुद्धा कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. अहो, वकिलाची फी त्याहून जास्त होते.

आणि आमचे पदाधिकारी? पेढे वाटायची तयारी यांचीच होती, आता म्हणतात पैसे संस्थेच्या खात्यातून गेले नाहीत, संस्थेचा संबंध नाही. संस्थेच्या चेकवर दोन सह्या लागतात, खजिनदार पुण्याला, आणि मुदत 'आजची', मग मी काय करायचं होतं? तरी तुम्हाला सांगतो, केंद्रात काम करत असाल तर दुसऱ्यांचे पैसे स्वतःच्या खात्यावर घेऊच नका, कोणी कितीही गळ घालो. ज्याचे त्याने भरावे, म्हणजे तक्रार तरी त्याची त्याला करता येते. त्या माणसाला १४ जणांना पटवायलाच लागलं नाही. त्याने मला एकट्याला पटवलं, बाकीच्यांनी माझ्याकडे बघून दिले.

चॅट डिलीट करू नका, रागातसुद्धा. आमच्या एका पोराने केलं, त्यात आवाजाचे मेसेज गेले. यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्यावर येणारा व्यवहाराचा नंबर, लिहून ठेवा, १९३० ला पहिला प्रश्न तोच येतो, आणि फोन तासाभरात करा, पैसे पुढे सरकायच्या आत.

खेळणीवाल्या ताईंनी बचतगटातून उचल घेतली होती, त्यांचे १०,१५० मी पगारातून फेडतोय, आणि चित्रकथीवाल्या पोरांपैकी एकाचेही. बाकीच्यांनी मागू नये असं मी म्हणत नाही. मागा, केंद्रात येऊन मागा, भर बाजारात नको. आणि सावध राहा, त्याच पत्राची नक्कल आता शेजारच्या तालुक्यात एका नाचाच्या क्लासला आलीये, गॅलरीच्या जागी नाट्यगृह टाकलंय, आकडा तोच, ८,८५०.