जुन्या एमएम ५४० मध्ये बोलेरोचं डीआय टर्बो इंजिन : एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

गाडी महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०, फोर बाय फोर. मूळ इंजिन प्युजोचं एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर, ९० एमएमचा बोअर (सिलिंडरचा व्यास), २११२ सीसी. फार गोड इंजिन, पण वय झालं, बॅक कॉम्प्रेशन मारायला लागलं (सिलिंडरमधला दाब खाली गळू लागला), ऑइल पिऊ लागलं आणि सकाळी थंडीत हीटर (इंजिनातला ग्लो प्लग) नीट तापल्याशिवाय उठायचंच नाही. बोअर आधीच वाढवलेला होता त्यामुळे परत काम काढण्यात अर्थ नव्हता.

आता दुसरं कुठलं बसवायचं यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. क्वालिसचं टोयोटा २एल, २४४६ सीसी, शांत आणि टिकाऊ, पण टॉर्क (ओढण्याची ताकद) वरच्या आरपीएमला येतो, टायमिंग बेल्ट आहे आणि मुख्य म्हणजे कंपनीच दुसरी, आरसीवर चढवायचं म्हणजे डोक्याला ताप. थारचं सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचं कॉमन रेल डिझेल) घ्या म्हणणारेही भेटले, १०५ बीएचपी ऐकायला मस्त वाटतं पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, अख्खं वायरिंग आणि एवढी ताकद त्या जुन्या चार गिअरच्या बॉक्सला आणि अ‍ॅक्सलला झेपायला हवी ना. तिसरा पर्याय एक्सडी३पी, २४९८ सीसी, प्युजोच्याच घराण्यातलं, स्वभावही तोच, मला मनापासून आवडलं होतं पण त्याचे पार्ट आता शोधत फिरावे लागतात.

मी घेतलं जुन्या बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) टर्बो, २५२३ सीसी. याचं मूळ ट्रॅक्टरचं आहे, इंटरनॅशनल कंपनीच्या, साडेतीन इंच बोअर आणि चार इंच स्ट्रोक (पिस्टनची चाल). लांब स्ट्रोक आहे म्हणून खालीच ओढतं. पहिल्या थार डीआयला कंपनीने हेच टर्बोवालं दिलं तेव्हा आकडे होते ३२०० आरपीएमला ६३ बीएचपी आणि १५०० ते १८०० आरपीएमलाच १८२ न्यूटन मीटर. हॉर्सपॉवर बघून नाक मुरडू नका, चिखलात आणि दगडात कामाला येतो तो हा खालचा टॉर्क.

वेल्ह्याकडे आमचं शेत आहे, पाबे घाट चढून जावं लागतं. आधी घाटात दुसऱ्यावर रडत जायची, आता तिसऱ्यावर आरामात चढते. खरा फरक पावसात कळला. भाताच्या खाचरांच्या कडेने जी वाट आहे तिथे फोर लो (चारही चाकांना हळू पण जास्त ताकद देणारी रेंज), दुसरा गिअर टाकायचा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यायचा, गाडी आयडलवर बैलासारखी चालत राहते, चाकं उगाच फिरत नाहीत त्यामुळे रुततही नाही. हे सुख प्युजोमध्ये नव्हतं, तिथे रेस द्यावीच लागायची आणि रेस दिली की चाक खड्डा करायचं.

फिटिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण बहुतेकांचं इथेच फिसकटतं. एमएम ५५० कंपनीनेच डीआयमध्येही काढली होती, त्यामुळे चासी नवीन नाही या इंजिनाला, माउंटिंग कुठे यायला हवं हे जुन्या मेस्त्रींना पाठ असतं. गिअरबॉक्स मी जुनाच ठेवला, मधे लेथवर अडॅप्टर प्लेट करून घेतली, फ्लायव्हील-क्लच डीआयचंच. प्लेट बसवली की डायल गेज (बारीक फरक मोजणारं मीटर) लावून इंजिन आणि गिअरबॉक्सचं सेंटर जुळतं का बघायला लावा, अंदाजाने चालणार नाही. सेंटर हललेलं असेल तर पायलट बेअरिंग आणि इनपुट शाफ्ट दोन्ही खातं. ऑइल सम्प आणि पुढचा डिफरेन्शियल यांच्यात किती जागा उरते तेही स्प्रिंगचे पाटे पूर्ण दाबून बघा, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना सगळं छानच दिसतं. रेडिएटर मोठा टाकला, पैसे वसूल.

कागदाचं काम आधी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं की आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, लेखी परवानगी घ्या, इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून काढलं तिचे कागद जपून ठेवा, नंतर इन्शुरन्समध्येही नवा नंबर चढवा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंच असतं, तेव्हा नंबर जुळला नाही तर गाडी घरी बसते.

त्रास काय? आवाज आणि थरथर. आरसे हलतात, गप्पा मारायच्या तर ओरडून. हायवेवर ७० च्या वर नेऊ नका, इंजिन ३२०० ला संपतं आणि आपला डिफरेन्शियलचा रेशो खालचा, त्यामुळे पुणे-मुंबई करणाऱ्याने हे इंजिन घेऊच नये, त्याने एक्सडी३पी शोधावं. वजन जास्त असल्याने पुढचे पाटे बसले, एक पाटा वाढवावा लागला. टर्बो आहे तर घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नका, मिनिटभर आयडलवर राहू द्या.

अ‍ॅव्हरेज आधी नऊच्या आसपास होतं, आता अकरा मिळतं. हीटरची भानगड नाही, डायरेक्ट इंजेक्शन असल्याने डिसेंबरातही एका सेल्फला चालू. नोझल, फिल्टर, बेल्ट, गॅस्केट सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं आणि पंप उघडणारा माणूसही तिथेच मिळतो. क्लच अजून तरी घसरत नाहीये, गिअरबॉक्सचं ऑइल मात्र मी लवकर बदलतो, जुना बॉक्स आणि नवा टॉर्क, काळजी वाटतेच.