परवान्याच्या कापडाच्या नावाखाली आमच्या बचत गटाची झालेली फसवणूक

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात बारा जणींचा बचत गट शाळेची दप्तरे, उशांचे अभ्रे आणि डब्याच्या पिशव्या शिवतो. मागच्या वर्षी पोळा झाल्यावर, नागपूरहून आलो असे सांगणारा एक माणूस लहान मुलांच्या लाडक्या कार्टून पात्राची छपाई असलेले कापड घेऊन आला. तसेच कापड बाजारात ११० रुपये मीटरने मिळत असताना त्याने २१० रुपये मागितले, कारण हे ‘कंपनीचे लायसन असलेले’ कापड आहे, असे त्याचे म्हणणे होते. १२० मीटरचे २५,२०० रुपये आणि पात्राचे नाव लावून माल विकण्याच्या ‘परवान्याचे’ आणखी १२,००० रुपये आम्ही गटाच्या बचतीतून दिले. त्या बचतीत आमची कापूस वेचणीची मजुरी होती. त्याने दिलेल्या परवान्याच्या प्रमाणपत्रावरचा गोल शिक्का आणि नोंदणी क्रमांक पाहून अध्यक्ष या नात्याने सही मी केली, याचे मला आजही वाईट वाटते.

ऑनलाइन ३८ पिशव्या विकल्या गेल्यानंतर मूळ हक्कधारकाच्या तक्रारीवरून आमचा माल संकेतस्थळावरून काढला गेला आणि रक्कम अडकली. यवतमाळच्या वकील ताईंनी प्रमाणपत्रावरचा क्रमांक ट्रेडमार्क (व्यापारचिन्ह) नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकला, तेव्हा तो औषधांच्या, म्हणजे मालाच्या वर्गवारीतल्या वर्ग ५ मधील, एका वेगळ्याच चिन्हाचा निघाला. कापड वर्ग २४ मध्ये येते आणि पिशव्या वर्ग १८ मध्ये. हा शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो, आणि आम्ही तो पैसे देण्यापूर्वी घेतला नाही.

ताईंनी पुढे जे समजावले, ते शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीपर्यंत पोहोचावे असे मला वाटते. चिन्हाचा मालक कापड गिरणीला छपाईचा परवाना देतो. तो परवाना कापड विकत घेणाऱ्याकडे आपोआप येत नाही, आणि मधल्या माणसाला तो विकण्याचा अधिकार नसतो. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३० नुसार रीतसर घेतलेला अस्सल माल पुढे विकण्यास मालक सहसा हरकत घेऊ शकत नाही, परंतु बाजारात आल्यावर मालाचे स्वरूप बदलले असेल तर तो घेऊ शकतो, म्हणून अस्सल कापडाची पिशवीसुद्धा निर्धोक आहे असे गृहीत धरता येत नाही. चित्रावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण वेगळे असते. शिवाय पिशवीच्या लेबलावर पात्राचे नाव घातले, तर ती त्याच कंपनीची आहे असा गिऱ्हाइकाचा समज होतो.

आमचे कापड तर अस्सलही नव्हते, कारण त्याच्या काठावर हक्कधारकाचे नावच छापलेले नव्हते. खोटे चिन्ह असलेला माल विकल्यास ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. मात्र विक्रेत्याने योग्य काळजी घेतली होती, त्याला शंका येण्याचे कारण नव्हते आणि माल कोणाकडून घेतला ही माहिती त्याने मागताच दिली, हे सिद्ध केल्यास त्याचा बचाव होतो. आमच्याकडे जीएसटी क्रमांकाचे बिल नव्हते, फक्त हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. सुदैवाने पैसे यूपीआयने गेले होते, आणि त्या नोंदीच्या आधारे आम्ही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. असेच प्रमाणपत्र कोणाला मिळाले असेल, तर कापडाचा काठासह तुकडा, चिठ्ठी आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवून आपल्या ठाण्यात तक्रार करावी आणि उरलेला माल विक्रीस काढू नये.