कॅव्हिटेशन पकडणारे प्रेशर सेन्सर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गरम पाण्याच्या सर्क्युलेशन पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) दोन वर्षांत दोनदा बदलावा लागला. दोन्ही वेळा उघडल्यावर तेच दिसलं. पात्यांच्या तोंडाशी, कमी दाबाच्या बाजूला, धातू वाळवीने खाल्ल्यासारखा झाला होता. कॅव्हिटेशन, म्हणजे दाब फार कमी झाल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं, आहे हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण ते नेमकं कधी होतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून आठ महिन्यांपूर्वी सक्शन (पाणी आत येण्याची बाजू) आणि डिस्चार्जला (बाहेर जाण्याची बाजू) एकेक जलद पिझो सेन्सर बसवला. पिझो सेन्सर दाबातले चढउतार दाखवतो, स्थिर दाब दाखवत नाही. त्यामुळे सक्शनला निर्वातापासून दाब मोजणारा अ‍ॅब्सोल्यूट ट्रान्समीटर आणि तापमानाचा प्रोबही जोडला.

पहिले दोन महिने वाया गेले. चूक सेन्सरची नव्हती, बसवण्याची होती. वेल्डिंग टाळायचं म्हणून जुन्या गेजच्याच टॅपिंगवर (पाइपवरच्या जोडणीवर), अर्धा मीटर नळीच्या टोकाला सेन्सर लावले. पंपात खडी फिरत असल्यासारखा आवाज यायचा आणि स्क्रीनवरची रेषा मात्र सपाट. बसवून देणाऱ्याने त्या रेषेकडे बघून पंप ठणठणीत असल्याचं सांगितलं, याचा मला अजूनही राग येतो. नळीत अडकलेली हवा गादीसारखी सगळे धक्के पिऊन टाकत होती. पुढच्या शटडाऊनमध्ये पाइपला सेन्सरसाठी नवे बॉस (जोडणीचे तुकडे) वेल्ड केले, सेन्सरचं तोंड पाइपच्या आतल्या भिंतीशी समपातळीत आणलं आणि पंप चालू केल्याबरोबर चित्र पालटलं. हा संच घेणार असाल तर वेल्डिंगची तयारी आधी करा.

सिग्नल कसा वाचायचा ते शिकायलाही वेळ लागला. आमचा पंप नेहमीच्या वेगाला मिनिटाला 1480 फेरे घेतो आणि इंपेलरला सहा पाती आहेत, म्हणजे सेकंदाला सुमारे 148 ठोके. हे ठोके निरोगी पंपातही दिसतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. कॅव्हिटेशनची अशी एक ठरलेली फ्रिक्वेन्सी नसते. बुडबुडे फुटताना वरच्या, किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळीकडे खरखर पसरते. आम्ही सेकंदाला 20,000 नमुने घेतो, फेऱ्यांचे आणि पात्यांचे ठोके गाळतो आणि उरलेल्या खरखरीचा आरएमएस (एकूण जोर सांगणारी एक प्रकारची सरासरी) बघतो. पॅनेलवरच्या नेहमीच्या ट्रान्समीटरला एक सेकंदाचं डॅम्पिंग (जलद चढउतार सपाट करणारी सेटिंग) होतं. त्यात यातलं काही दिसणं शक्यच नव्हतं.

एकदा, फक्त पाच मिनिटं, सक्शन व्हॉल्व्ह हळूहळू आवळून पाहिला. डिस्चार्ज गेजचा काटा जागेवर होता, पण खरखर नेहमीच्या तिपटीवर गेली होती. एनपीएसएच म्हणजे सक्शनला पाण्याचा दाब बाष्पदाबापेक्षा (ज्या दाबाला पाण्याची वाफ होऊ लागते) किती वर आहे, ते मीटरमध्ये. पंपाच्या कर्व्हवर (कंपनीच्या आलेखावर) जो आवश्यक एनपीएसएच छापलेला असतो, तो हेड (पंप पाण्याला देतो तो दाब, मीटरमध्ये) 3 टक्के पडतो त्या बिंदूचा असतो. बुडबुडे त्याच्या बरेच आधी सुरू झालेले असतात. व्हॉल्व्ह आणखी आवळल्यावर काटा पडू लागला, पण खरखर चक्क कमी झाली. वाफ इतकी वाढली की तीच धक्के झेलू लागली. हे डोळ्यांनी पाहिल्यापासून मी नुसत्या आरएमएसवर विश्वास ठेवत नाही. शेजारी उपलब्ध एनपीएसएचचा आकडा हवाच.

तो काढणं अवघड नाही, आणि आमचा चोर त्यानेच सापडला. सक्शनचा अ‍ॅब्सोल्यूट दाब 0.663 बार. 60 अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे 0.199 बार. फरकाचे पाण्याच्या उंचीचे मीटर केले आणि वेगाचा छोटा हिस्सा मिळवला की साधारण 5 मीटर येतात. कर्व्ह 4.2 मागतो, म्हणजे निभावतं. पण संध्याकाळच्या शिफ्टला परतीचं पाणी 70 अंशांवर जातं. तेव्हा बाष्पदाब 0.312 बार होतो आणि त्याच सक्शन दाबावर उरतात जेमतेम 3.9 मीटर. सकाळच्या शिफ्टमधले आम्ही दोन वर्षं गेजकडे बघत बसलो. गेज रोज तेच दाखवत होतं, पाणी मात्र संध्याकाळी वेगळं असायचं.

आता परतीच्या तापमानाला मर्यादा घातली आहे. स्ट्रेनरही (कचरा अडवणारी जाळी) तारीख बघून नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक बघून साफ करतो. अलार्म आला की ऑपरेटर डिस्चार्ज व्हॉल्व्ह थोडा आवळतो. प्रवाह कमी झाल्यावर खरखर उतरली तर कॅव्हिटेशन. उलट वाढली, तर पंप आधीच फार कमी प्रवाहावर चालला असून सक्शनच्या तोंडाशी पाणी मागे फिरत असण्याची शक्यता जास्त. ही परीक्षा मला संचातल्या कोणत्याही तयार अलार्मपेक्षा मोलाची वाटते.

त्रास अजून आहेत. ग्लँडमधून (शाफ्टभोवतीची पॅकिंग भरलेली जागा) हवा ओढली गेली की आकडे भरकटतात. एकदा तर हवेमुळे खरखर दबली आणि आम्ही खूश झालो. पॅकिंग बदललं तेव्हा खरं कळलं. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) केबलशेजारून सिग्नलची केबल नेली होती, तिने आठवडाभर खोटे अलार्म दिले. वेगळा मार्ग आणि एकाच टोकाला अर्थिंग केल्यावर ते थांबले. वेग बदलणाऱ्या पंपाला एकच अलार्म मर्यादा चालत नाही. प्रत्येक वेगाची आणि प्रवाहाची निरोगी नोंद आधी घ्यावी लागते. आमचे त्यात दोन आठवडे गेले आणि ते सत्कारणी लागले.

गेल्या आठवड्यात केसिंग उघडलं. तापमानाची मर्यादा घातली त्याच दिवशी हा इंपेलर बसवला होता. फिटरने टॉर्च धरला, मी पात्यांच्या तोंडावरून बोट फिरवलं. एका पात्यावर नखाएवढा खरखरीत डाग आहे, बाकी पाच गुळगुळीत आहेत. त्या डागाचा फोटो मोजपट्टी ठेवून काढला आहे. पुढच्या वेळी उघडू तेव्हा तो शेजारी ठेवून ताडून बघणार आहे.