एरोबिका: कफ सुटतो, पण खरी परीक्षा धुण्याची

एनटीएम (नॉनट्यूबरक्युलस मायकोबॅक्टेरिया) म्हणजे क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ, बहुतेकदा मॅक (मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स) गटातले. फुप्फुसात ठाण मांडतात आणि कल्चर (कफातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) निगेटिव्ह आल्यावरही साधारण १२ महिने गोळ्या चालतात. एरोबिका, म्हणजे हातात धरून त्यात श्वास सोडायचं उपकरण, जंतू मारत नाही, फक्त रुंदावलेल्या श्वासनळ्यांत साचलेला चिकट कफ हलवते. ते काम मात्र चोख करते.

वीज नाही, बॅटरी नाही. श्वास सोडला की आतली झडप फडफडते आणि थरथर छातीपर्यंत पोचते. फ्लटर या तशाच दुसऱ्या उपकरणातल्या पोलादी गोळीसारखा कोन सांभाळावा लागत नाही, कुशीवर पडूनही चालते.

श्वास नेहमीपेक्षा थोडा मोठा घ्यायचा, २-३ सेकंद रोखायचा, मग घ्यायला लागला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ सोडत राहायचं. जोरात फुंकायचं नाही. गाल फुगले तर थरथर गालातच जिरते, म्हणून ते आवळून धरायचे. असे १०-२० श्वास, मग आरशावर वाफ सोडतो तसा उघड्या घशाने २-३ वेळा 'हा' करायचा. रोधाची (श्वास सोडताना होणाऱ्या अडथळ्याची) खिटी सुरुवातीला सर्वात कमीवर ठेवावी. श्वास पटकन संपत असेल तर एक घर वाढवायचं. चक्कर आली किंवा कान दडपले तर खाली आणायचं.

आता धुणं. हे जंतू नळाच्या पाण्यात राहतात आणि क्लोरीनला सहज दाद देत नाहीत. म्हणजे साबणाने घासून नळाखाली धरलेलं उपकरण स्वच्छ दिसतं, पण असतंच असं नाही. एरोबिकाचे भाग सुटे होतात, आणि आमच्या मते तिचा सर्वात मोठा गुण हाच. साबणपाण्यात भिजवून धुवायचे, उकळी फुटल्यावर ५ मिनिटं उकळायचे, पुन्हा नळाखाली न धरता स्वच्छ कापडावर पूर्ण सुकवायचे. व्हिनेगरवर विसंबू नका. जोडताना झडपेचा मधला भाग तिरका बसला तर थरथर येतच नाही. उपकरण बिघडलं असं वाटतं, पण उघडून परत बसवलं की चालू.

नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करणारं यंत्र) जोडता येतो, तो खारट द्रावणासाठी सोयीचा. ७ टक्क्यांच्या द्रावणाने दम लागू शकतो, म्हणून पहिला डोस डॉक्टरांसमोरच. लायपोसोमल अमिकासिन हे श्वासातून घ्यायचं अँटिबायोटिक मात्र इथे नाही, ते फक्त लामिरा नेब्युलायझरमधूनच घ्यायचं.

कफात ताजं रक्त दिसलं तर उपकरण बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करायचा. फुप्फुसाबाहेर हवा साचली असेल तर हातही लावायचा नाही.

कल्चरचा नमुना सकाळी एरोबिकानंतर चांगला मिळतो. त्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरू नये. नळातलेच जंतू डबीत गेले, तर कित्येक आठवडे वाट पाहून आलेला रिपोर्ट फुप्फुसाचा नसून नळाचा असतो.