दिवाळं निघालेल्या कंपनीचा ‘शिल्लक माल’ आणि माझे १,०४४ डॉलर

आधी आकडा सांगून टाकतो, तो लपवण्यात आता काही अर्थ नाही. १,०४४ डॉलर. ९ फेब्रुवारी २०२१ ला ७३४ आणि १२ फेब्रुवारीला ३१०. रुपयांत ७६ हजारांच्या आसपास. त्या बदल्यात माझ्याकडे आज एक बनावट पावती, एक बनावट ट्रॅकिंग नंबर आणि एका रायफलीचे चार फोटो आहेत. एका रायफलीचे म्हणतोय खरा, पण त्या दोन वेगवेगळ्या रायफली होत्या, आणि ते मला पैसे पाठवायच्या आधीच दिसलं होतं. तीन महिने झाले, ती एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

“तुला बंदूक कशाला हवी होती?” हे विचारून झालंय सगळ्यांचं, म्हणून आधीच उत्तर देतो. मी आजरा तालुक्यातला. आमच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बाराबोर होती. रानडुकरं एका रात्रीत भुईमुगाचं रान नांगरल्यासारखं करून जायची. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि ती पावती बाबा चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. इथे टेक्सासला आल्यावर बघतो तर तेच दुखणं. मित्राच्या जमिनीत रानडुकरं तशीच मुसंडी मारतात. त्याच्याकडे मार्लिन ३३६ रायफल आहे, .३०-३० काडतुसाची, लिव्हर ॲक्शन, म्हणजे दस्त्याजवळची कडी खाली ओढून काडतूस चढवायची. दस्त्याच्या खालच्या अंगाला मार्लिनची ती काळी-पांढरी टिकली. दोन वर्षं त्याच्या रानात ती वापरली आणि मनात बसली. ग्रीन कार्ड आहे, सगळं रीतसर घ्यायचं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटते ती पुढच्या भागाची.

मार्लिन ही १८७० सालची जुनी बंदूक कंपनी. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीनं ती घेतली, मग कनेक्टिकटमधला नॉर्थ हेवनचा कारखाना बंद केला. त्यामुळे त्याआधीच्या, नळीवर ‘जेएम’ शिक्का असलेल्या रायफलींना जाणकार वेगळा भाव देतात. पुढे रेमिंग्टनचंच दिवाळं निघालं. एकदा मार्च २०१८ मध्ये, आणि पुन्हा जुलै २०२० मध्ये. दुसऱ्या खेपेला अलाबामातल्या दिवाळखोरी न्यायालयात कंपनी तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. मार्लिन रूगर या बंदूक कंपनीनं घेतली, जवळपास ३ कोटी डॉलरना. काडतुसांचा धंदा व्हिस्टा या कंपनीकडे गेला, बाकीच्या बंदुका राउंडहिल नावाच्या गटाकडे. रेमिंग्टनच्या इलियनमधल्या कारखान्यातल्या ५८५ कामगारांना घरी बसवलं. हे सगळं मी त्या वेळी वाचलं होतं. मला माहीत होतं! आणि तरीही.

कारण बाजारात ३३६ मिळत नव्हती. नवीन बनत नव्हती, रूगरनं अजून एकही काढलेली नव्हती, आणि कोरोनाच्या वर्षात लोक बंदुकांवर असे तुटून पडले होते की २०२० मध्ये देशभरात बंदुकीसाठी होणाऱ्या सरकारी पार्श्वभूमी-तपासण्याच जवळपास ४ कोटी झाल्या. दुकानांतली कपाटं रिकामी. जेएम शिक्क्याची जुनी ३३६ कुणी विकायला काढली तर ९०० ते १,००० डॉलर मागत होते. अशा वेळी जानेवारीच्या शेवटी मला एक वेबसाइट दिसली. दिवाळखोरीत निघालेला गोदामातला शिल्लक माल, न्यायालयाच्या परवानगीनं विक्री, मार्लिन ३३६, जेएम शिक्का, २००९ चा कोरा, खोक्यातला. किंमत ६८९, पाठवणी ४५. वर लाल अक्षरात ‘फक्त ११ शिल्लक’.

आता विचारा मला, २००९ चा कोरा माल अकरा वर्षं गोदामात कसा राहिला? ज्या कंपनीला पैशांसाठी दोनदा कोर्टाची पायरी चढावी लागली, ती हजार डॉलरची रायफल धूळ खात ठेवेल? आणि न्यायालयानं मार्लिनचं सगळं रूगरच्या नावे केल्यावर हा माल विकणारे हे कोण? दिवाळखोरीच्या खटल्याचे कागद सार्वजनिक असतात, कोण काय विकतंय ते त्यात लिहिलेलं असतं. दिवाळखोर कंपनीचा माल थेट तुम्हाला-आम्हाला एकेक करून विकतोय असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. मी थांबलो नाही.

पण मी डोळे मिटूनही उडी मारली नाही, हेही लिहून ठेवतो. मी त्यांच्याकडे बंदूक-विक्रीच्या परवान्याची प्रत मागितली. त्यांनी पाठवली. एटीएफ, म्हणजे बंदुकांचे परवाने देणारं केंद्रीय खातं, त्याच्या वेबसाइटवर परवाना तपासायची सोय आहे, परवाना क्रमांकातले पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकायचे. मी टाकले. परवाना खरा निघाला, दुकानाचं नाव खरं, पत्ता खरा. मेलमधल्या नंबरावर फोन केला, माणूस नीट बोलला, ३३६ बद्दल त्याला माहितीही होती. यापेक्षा जास्त सामान्य माणसानं काय तपासायचं? आता कळतंय काय ते. परवाना खरा होता, पण त्यांचा नव्हता. दुसऱ्या राज्यातल्या एका खऱ्या दुकानदाराची प्रत उचललेली होती. परवाना खरा आहे एवढंच ती तपासणी सांगते, मेल पाठवणारा माणूस तोच आहे हे सांगत नाही. फोन करायचा तर दुकानाचा नंबर स्वतः शोधून काढून करा. त्यांनी दिलेल्या नंबरावर तेच उचलणार.

आणि आता ते फोटो. ८ फेब्रुवारीची रात्र, साडेअकरा वाजले असतील. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी चारही फोटो मोठे करून बघत होतो. पहिल्या फोटोत रिसीव्हरच्या, म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधल्या लोखंडी भागाच्या, मागच्या बाजूला, घोड्याच्या जरा पुढे, सेफ्टीचं गोल बटण स्पष्ट दिसतंय. तिसऱ्या फोटोत त्या जागी काहीच नाही. सपाट लोखंड. मार्लिननं ते बटण १९८३-८४ च्या सुमारास बसवायला सुरुवात केली, त्याआधीच्या रायफलींना ते नाही. म्हणजे दोन फोटो, दोन रायफली, मध्ये कितीतरी वर्षांचं अंतर. मी ते बघितलं. बोट ठेवून बघितलं. मी रिफायनरीत तपासणीचं काम करतो, ड्रॉइंगमधला आणि प्रत्यक्षातला फरक शोधणं ही माझी रोजची भाकरी आहे. कामावर एखाद्या कंत्राटदारानं असे दोन फोटो जोडून पाठवले असते तर मी त्याचं बिल त्याच दिवशी अडवलं असतं. आणि त्या रात्री मी काय केलं? “प्रकाश दुसऱ्या बाजूनं पडला असेल” असं मनाशी म्हणून लॅपटॉप बंद केला. प्रकाश! बटण आणि सपाट लोखंड यांत प्रकाशाचा काय संबंध? मला ती रायफल हवी होती, दुसरं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले. क्रेडिट कार्ड चालणार नाही म्हणाले, कार्डवाल्या कंपन्या बंदुकांचे व्यवहार घेत नाहीत असं कारण दिलं. हे कारण अर्धं खरं असतं, म्हणून तर पटतं. पैसे भरणा करणाऱ्या काही कंपन्या बंदुकांचे व्यवहार घेत नाहीत, पण खरे दुकानदार कार्ड घेणारी व्यवस्था शोधतातच. बँकेच्या ॲपमधून थेट पाठवा म्हणाले. ॲपमध्ये समोर एका बाईचं नाव आलं. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, “अरे, दुकानाला पाठवतोयस ना? मग हे नाव कुणाचं?” मी तिच्यावर खेकसलो. हिशेब बघणारी असेल म्हणालो. तिची मी नंतर माफी मागितली. जे नाव पावतीवर नाही त्या नावावर एक डॉलरही पाठवू नका, आणि घरातलं माणूस प्रश्न विचारत असेल तर गप्प बसून ऐका.

१२ तारखेला मेल आला: बंदुकीच्या पाठवणीला विमा लागतो, ३१० डॉलर, माल मिळाल्यावर परत. तेही पाठवले. ७३४ आधीच गेले होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून.

मग १५ फेब्रुवारीच्या पहाटे आमच्याकडे ते बर्फाचं वादळ आलं आणि टेक्सासची वीज गेली. घरात तीन दिवस उजेड नाही, नळाचं पाणी गेलेलं, मुलं स्वेटर-कोटासकट रजईत. रायफल कुणाला आठवणार? २० तारखेला त्यांचाच मेल: वादळामुळे पार्सल अडकलंय, आपण सुखरूप असाल अशी आशा. मला ते खरं वाटलं, कारण खरीखुरी पार्सलंही त्या आठवड्यात सगळीकडे अडकली होती. त्यांनी माझं संकट बातम्यांत बघितलं आणि वापरलं. याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. त्या सहानुभूतीच्या मेलला मी धन्यवाद असं उत्तर दिलं होतं.

२६ ला तिसरी मागणी आली: न्यायालयीन मुक्तता शुल्क, २२० डॉलर. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी मी आमच्या इथल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. रायफल त्यांच्याकडेच येणार होती, तिथे फॉर्म भरून, तपासणी होऊन मला मिळणार होती. म्हाताऱ्या दुकानदारानं पहिलाच प्रश्न विचारला: “त्यांनी माझ्या दुकानाच्या परवान्याची प्रत मागितली का?” नाही. कुणीच मागितली नव्हती. खरा विक्रेता माल घेणाऱ्या दुकानाचा परवाना हातात पडल्याशिवाय रायफल दुसऱ्या राज्यात पाठवूच शकत नाही. सगळ्यात सोपी खूण, आणि मला ती माहीत नव्हती. मग त्यानं पावतीवरचा सीरियल नंबर बघितला. सुरुवात १७ नं. पेन्सिल घेऊन एका जुन्या बिलाच्या पाठीमागे त्यानं १०० तून १७ वजा करून दाखवले. ८३. मार्लिनच्या त्या काळातल्या रायफलींचं साल असंच काढतात. २००९ चा कोरा माल म्हणून मला विकलेली रायफल १९८३ ची होती, ती आज कुणाच्या तरी घरात असेल, आणि तिच्या मालकाला याची गंधवार्ताही नसेल.

यापुढचं लिहिताना हात थरथरतो, कारण चोरांनी फसवलं ते एक, पण ज्यांनी मदत करायची त्यांनी काय केलं?

बँक. १ मार्चला फोन केला, ४१ मिनिटं थांबवलं. उत्तर काय, तर “तुम्ही स्वतः पाठवलेत.” तुमच्या नकळत कुणी पैसे काढले तर कायदा तुमच्या बाजूनं, पण फसवून तुमच्याच बोटानं बटण दाबायला लावलं तर नाही. १२ मार्चला दोन ओळींचं पत्र आलं, तक्रार बंद. समोरचं खातं कुणाचं आहे हे त्यांना दिसत होतं, मला सांगणार नाहीत. त्या बाईची गोपनीयता महत्त्वाची. क्रेडिट कार्डावर हाच व्यवहार असता तर ६० दिवस हरकत घेता आली असती.

पोलीस. पहिल्या दिवशी म्हणाले, हा दिवाणी मामला, न्यायालयात जा. कुणाविरुद्ध जाऊ? दुसऱ्या खेपेला विचारलं, बंदूक चोरीला गेली का? बंदूक मुळात नव्हतीच, असं सांगितल्यावर त्यांचा रसच संपला. तिसऱ्या खेपेला रजा टाकून गेलो आणि अडून बसलो, तेव्हा एक तक्रार क्रमांक मिळाला. पुढे एक फोन नाही.

केंद्राच्या एका खात्याला फोन केला तर तिथेही तेच: बंदूक हललीच नाही, तर आमच्या अखत्यारीत येत नाही. अरे, पण परवाना चोरलाय ना! दुसऱ्या एका खात्याच्या वेबसाइटवर दीड तास बसून फॉर्म भरला. मिळालेली पोच संगणकानं पाठवलेली, त्यानंतर शांतता. राज्याच्या ग्राहक तक्रारीच्या कार्यालयानं कळवलं की आम्ही व्यक्तिगत बाजू लढवत नाही. मग सामान्य माणसाची बाजू लढवायला बसवलंय कुणाला?

शेवटी ज्याचा परवाना चोरला होता त्या दुकानदाराचा खरा नंबर शोधून मीच फोन केला. तो म्हणाला, तू नववा. नोव्हेंबरपासून त्याला असे फोन येत होते. त्यानं नोव्हेंबरमध्येच तक्रार केली होती. नोव्हेंबरमध्ये कुणी ती वेबसाइट बंद पाडली असती तर फेब्रुवारीत माझे पैसे गेलेच नसते. नऊ माणसं, हे फक्त फोन करणारे. माझ्यासारखे किती तोंड दाबून बसले असतील? आमच्या मंडळातल्या एका मुलानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की त्याचेही ५४० गेले, पण तो एच-वन-बीवर आहे म्हणून तक्रार करायला घाबरतो. व्हिसावर असणाऱ्यांनो, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तुम्हाला बंदूक घेताच येत नाही, आणि “कागदपत्रं लागत नाहीत” असं म्हणणारा विक्रेता तुम्हाला हेरूनच बसलेला असतो. तुम्ही पोलिसांत जाणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

पैसे गेले की त्याच तासाला बँकेला कळवा, माझ्यासारखे सतरा दिवस घालवू नका. मेल पुसू नका, फोटो जपून ठेवा.

ती वेबसाइट एप्रिलमध्ये बंद झाली. गेल्या रविवारी दुसऱ्या नावानं पुन्हा दिसली. रंग निळा केलाय, किंमत ७१९, ‘फक्त ६ शिल्लक’. मी तक्रार क्रमांक घालून सगळ्या कार्यालयांना पुन्हा लिहिलंय, आणि उत्तर आलेलं नाही. फोटो मात्र तेच चार आहेत. पहिल्यात घोड्याच्या पुढे सेफ्टीचं बटण आहे, तिसऱ्यात नाही.