एलएसआय ९२११-८आय: फर्मवेअर आणि पंखा, दोन्ही बघूनच घ्यायचं कार्ड

चार ते आठ साटा हार्ड डिस्क असलेल्या छोट्या सर्व्हरसाठी एलएसआयचं ९२११-८आय हे मदरबोर्डला जादा डिस्क जोडणारं कार्ड आजही घेण्यासारखं आहे. अटी दोन. त्यावर २०.००.०७.०० हे आयटी फर्मवेअर (कार्डाच्या आतला, डिस्क जशाच्या तशा पुढे देणारा प्रोग्राम) असलं पाहिजे, आणि हीटसिंकवर, म्हणजे चिपची उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्यांवर, स्वतःचा पंखा बसवलेला पाहिजे. आपल्या नागपुरात दुसरी अट पहिलीइतकीच जड आहे. धंतोलीतल्या सीएचा टॅली सर्व्हर असो, रामदासपेठेतल्या रेडिऑलॉजी सेंटरचा एक्स-रेचा साठा असो, की हिंगणा एमआयडीसीतल्या युनिटचं कॅमेरा रेकॉर्डिंग, या सगळ्यांना मे महिना ४५ अंशांच्या वर काढायचा असतो.

कार्डाचं गणित साधं आहे. त्यावर सॅस२००८ ही चिप असते, पीसीआय एक्सप्रेस २.० च्या आठ लेन (मदरबोर्डकडे माहिती नेणाऱ्या वाटा) असतात, आणि एसएफएफ-८०८७ चे दोन सॉकेट, प्रत्येकावर चार डिस्क. चार लेनच्या स्लॉटमध्ये बसवलं तरी सेकंदाला सुमारे २००० एमबी मिळतात. आठ हार्ड डिस्क एकदम पळाल्या तरी त्या सहसा एवढं मागत नाहीत. एका लेनचा स्लॉट मात्र ५०० एमबीवर अडवतो, तो टाळा. दोन टीबीपेक्षा मोठ्या डिस्क चालतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण आधीच्या पिढीची १०६८ चिपची कार्डंही जुन्या मालात हमखास मिसळलेली असतात आणि ती दोन टीबीच्या पुढचं बघतच नाहीत. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या मालातून कार्ड उचलताना चिपचा नंबर विचारा.

बाजारात हेच कार्ड वेगवेगळ्या नावांनी येतं. आयबीएमचं एम१०१५, डेलची एच२०० आणि एच३१०, सगळ्यांत चिप तीच, फर्मवेअर त्या त्या कंपनीचं. एच३१० मूळ फर्मवेअरवर चालवणं म्हणजे कार्डाचा निम्मा जीव वाया घालवणं. त्यात एका वेळी फक्त २५ विनंत्या रांगेत राहतात, त्यामुळे एखादी डिस्क बदलून रीबिल्ड (नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरणं) सुरू झालं की बाकी काम खोळंबतं. पण डेल आणि आयबीएमच्या कार्डांवर आयटी फर्मवेअर चढवण्याआधी एसबीआर नावाचा कार्डाच्या ओळखीचा छोटा भाग मेगारेक या प्रोग्रामने बदलावा लागतो, तो एक जादा टप्पा आहे. पहिल्यांदाच करणाऱ्याने थेट एलएसआयचंच ९२११-८आय घ्यावं.

कारखान्यातून ही कार्डं बहुतेक आयआर फर्मवेअरवर यायची, म्हणजे रेड (अनेक डिस्क मिळून एक साठा) ०, १, १ई आणि १० कार्डच सांभाळणार. आयटीमध्ये कार्ड मधे काहीच लुडबुड करत नाही. प्रत्येक डिस्क जशी आहे तशी ऑपरेटिंग सिस्टिमसमोर ठेवतं आणि स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती सरळ पुढे देतं. झेडएफएस किंवा लिनक्सचं एमडी रेड वापरणाऱ्याला हेच हवं असतं, कारण त्यांत डिस्क एकत्र बांधायचं काम सॉफ्टवेअरच करतं. आयआरवर आधीच रेड बनवलेलं असेल तर मोड बदलण्यापूर्वी पूर्ण बॅकअप घ्या. फ्लॅश करताना, म्हणजे फर्मवेअर चढवताना, डिस्कवर काही लिहिलं जात नाही, पण बदलानंतर तो रेड व्हॉल्यूम म्हणून दिसणार नाही, सुट्या डिस्क दिसतील.

आता आवृत्तीचं. शेवटची मालिका पी२०. पण पी२० म्हटलं म्हणजे काम झालं, असं नाही. त्या मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर झेडएफएसमध्ये चेकसमच्या, म्हणजे वाचलेली माहिती पडताळणीत न जुळण्याच्या, चुका येत. शेवटची २०.००.०७.०० ही स्वच्छ आहे. दुकानदार "पी२० आहे" एवढंच सांगत असेल तर चारही आकडे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लिनक्समध्ये डीमेसेजच्या (कर्नलच्या नोंदींच्या) ओळींत एफडब्ल्यूव्हर्शन या शब्दापुढे ते कंसात छापलेले असतात. कर्नल ४.४ पासून ड्रायव्हर एमपीटी३सॅसमध्ये विलीन झालाय, तरी या चिपसाठी लॉगमध्ये नाव एमपीटी२सॅस असंच येतं. त्यात काही बिघाड नाही.

फर्मवेअर मिळतं ब्रॉडकॉमच्या साइटवर, जुन्या उत्पादनांच्या विभागात. २०१४ मध्ये अवागोने एलएसआय घेतली, २०१६ मध्ये ब्रॉडकॉमही घेतली आणि तेच नाव लावलं, म्हणून एलएसआयच्या नावाने शोधणारा फिरत राहतो. डाउनलोड दोन लागतात: ९२११-८आयचं पी२० पॅकेज, आणि यूईएफआयसाठीचं (नव्या मदरबोर्डवरची जुन्या बायोसच्या जागची व्यवस्था) सॅस२फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर चढवायचा प्रोग्राम, वेगळं. पहिल्यातून २११८आयटी.बिन ही फाइल घ्यायची. ९२०७-८आय या थोरल्या भावाची फाइल वेगळी आहे, त्या कार्डाची चिप सॅस२३०८. दोघांची गल्लत करू नका.

फ्लॅश करण्यासाठी डॉसचा रस्ता सोडून द्या. नव्या मदरबोर्डवर डॉसमधलं सॅस२फ्लॅश "फेल्ड टू इनिशियलाइझ पाल" म्हणून थांबतं आणि लोकांना वाटतं कार्ड मेलं. कार्ड धड असतं. यूईएफआय मदरबोर्डवर तो डॉसचा प्रोग्राम कार्डापर्यंत पोचतच नाही, एवढंच. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यावर ईएफआय आणि त्याच्या आत बूट असा फोल्डर करा, शेलची (आदेश टाइप करायच्या पडद्याची) फाइल बूटएक्स६४.ईएफआय या नावाने तिथे ठेवा. शेल पहिल्या आवृत्तीचं घ्या. दुसऱ्या आवृत्तीच्या शेलमधून सॅस२फ्लॅश "अॅप्लिकेशन नॉट स्टार्टेड फ्रॉम शेल" असं म्हणून परततं. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा.

कार्डाला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी. झेडएफएसचा पूल (एकत्र बांधलेल्या डिस्कचा साठा) असेल तर एक्स्पोर्ट करून, म्हणजे नीट सोडवून, मशीन बंद करा, आणि दोन्ही केबल कार्डापासून काढा. कार्डाच्या पाठीवरच्या स्टिकरवर सॅस अॅड्रेस, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांक, असतो, ५००६०५बी ने सुरू होणारा, एकूण सोळा अक्षरांचा. त्याचा फोटो काढा आणि कागदावरही उतरवा. आणि मशीन यूपीएसवर ठेवा, त्या यूपीएसची बॅटरी तपासलेली असावी. मे-जूनच्या वादळी संध्याकाळी हे काम काढूच नका. प्रत्यक्ष लिहायला काही मिनिटंच लागतात, पण त्या मिनिटांत वीज गेली तर कार्ड रिकामं राहतं.

पेनड्राइव्हवरून शेल उघडलं की एफएस० आणि कोलन टाइप करून त्यावर या. आदेश अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे, इथे उच्चार देतोय. पहिला: सॅस२फ्लॅश, डॅश लिस्टऑल. कार्ड, चिप आणि सध्याचं फर्मवेअर दिसेल. एकाहून जास्त कार्डं असतील तर प्रत्येक आदेशात डॅश सी आणि कार्डाचा क्रमांक द्यावा लागतो. खरं तर बाकीची कार्डं त्या वेळेपुरती काढूनच ठेवा.

आयटीवरून आयटीवर, फक्त जुन्यावरून नव्यावर जायचं असेल तर पुसायची गरज नाही. डॅश ओ, डॅश एफ आणि फाइलचं नाव, एवढ्यावर काम होतं. आयआरवरून आयटीवर जाताना मात्र सॅस२फ्लॅश सरळ नकार देतं: आयआरवर आयटी चढवता येत नाही. तिथे आधी डॅश ओ, डॅश ई ६ देऊन फ्लॅश पुसायची. इथे आकडा नीट बघा. ६ ने कारखान्यातली नोंद शिल्लक राहते, ७ ने तीही जाते. काही ठिकाणी डोळे झाकून ७ सुचवलेलं असतं, गरज नसताना ते करू नका. पुसल्यापासून नवं फर्मवेअर लिहून होईपर्यंत रीबूट नाही, मशीन बंद करणं नाही. पुसून झाल्यावर फाइल सापडली नाही असा निरोप आला तर घाबरू नका. शेलमध्येच थांबा, फाइलचं नाव तपासा, पुन्हा आदेश द्या. पेनड्राइव्हवर फाइल आहे की नाही, हे पुसण्याआधी एलएस देऊन बघितलं असतं तर ही वेळ येतच नाही.

डॅश बी देऊन बूट रॉमही लिहिता येतो. ऑपरेटिंग सिस्टिम मदरबोर्डच्या एसएसडीवर असेल तर तो लिहू नका. प्रत्येक बूटला कार्ड डिस्क शोधत बसतं तो वेळ वाचतो. कार्डावरच्या डिस्कवरून बूट करायचं असेल तरच तो लागतो. शेवटी लिस्टऑल पुन्हा चालवा. सॅस अॅड्रेस शून्य दिसला तर डॅश ओ, डॅश सॅसअॅड आणि कागदावरची सोळा अक्षरं. जुन्या कार्डाच्या यादीत बोर्ड ट्रेसरचा (कार्डाच्या कारखान्यातल्या नंबरचा) रकाना रिकामा असेल तर कोणीतरी आधी ७ ने पुसलंय एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यावरून कार्ड नकली ठरत नाही.

विंडोज सर्व्हर असेल तर आयटीवरून आयटीचं अपडेट विंडोजच्या सॅस२फ्लॅशने करता येतं. मोड बदलायचा असेल तर शेलच बरं. रेड हॅट लिनक्स ८ आणि तिच्यावर बेतलेल्या काही लिनक्सवर एक अडचण आहे: कंपनीने ड्रायव्हरमधून सॅस२००८ वगळलं आहे, त्यामुळे फर्मवेअर अचूक असूनही डिस्क दिसत नाहीत. ईएलरेपो या बाहेरच्या भांडारातलं ड्रायव्हरचं मॉड्यूल टाकावं लागतं. डेबियन आणि उबुंटूवर हा प्रश्न नाही.

उष्णतेवर जरा थांबू. कार्ड सातएक वॅट खातं. आकडा किरकोळ वाटतो, पण ते बनलंय रॅक सर्व्हरसाठी, जिथे मिनिटाला किमान २०० फूट वेगाने हवा अंगावरून जाते. साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये स्लॉटच्या भागात हवा जवळजवळ उभीच असते. चिपचं तापमान वाचायची सोय सॅस२००८ मध्ये नाही, म्हणजे आधी इशारा मिळत नाही. मिळतो तो एकदम डिस्क गायब होण्याच्या रूपात. नेमकं निदान असं करा. एकाच डिस्कवर स्मार्टचा १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष केबलचा. वेगवेगळ्या केबलवरच्या अनेक डिस्क एकाच मिनिटाला, दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान, रीसेट होत असतील तर आधी चिपच्या उष्णतेवर संशय घ्या. फर्मवेअर पुन्हा पुन्हा चढवून ते बरं होत नाही.

उपाय स्वस्त आहे. हीटसिंक स्प्रिंगच्या प्लास्टिक पिनांवर असतो. त्या मागून दाबून काढा. जुनी पेस्ट सुकून खडूसारखी झालेली असते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. हीटसिंकवर ४० मिमी रुंद, १० मिमी जाड पंखा पातळ स्क्रूंनी पात्यांच्या फटीत बसवता येतो. शेजारचा स्लॉट त्यामुळे अडेल, हे धरून चाला. बॉल बेअरिंगचा पंखा घ्या, स्लीव्हचा पंखा आपल्या उन्हाळ्यात लवकर कुरकुरतो.

आणि कूलर. सर्व्हरच्या खोलीत कूलर लावणं ही आपल्याकडची सर्रास सवय आहे. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओलसर हवा आणि पाण्यातले क्षार एसएफएफ-८०८७ च्या बारीक पिनांवर बसतात, ताट्यांचा भुसा हीटसिंकच्या फटी बुजवतो. खोली थंड राहील आणि हवा दारातून बाहेर जाईल अशी दिशा द्या. एसी असेल तर प्रश्न मिटला, फक्त रात्री ऑफिस बंद करताना तो बंद होतो का, ते बघा.

केबल घेताना फॉरवर्ड ब्रेकआउट मागा, म्हणजे कार्डाकडे एसएफएफ-८०८७ आणि डिस्ककडे चार साटा. रिव्हर्स केबल दिसायला हुबेहूब तशीच असते आणि तिच्यावर एकही डिस्क दिसत नाही. एचपी मायक्रोसर्व्हर जेन८ मध्ये केबल विकत घ्यावीच लागत नाही. चार डिस्कच्या पिंजऱ्याची केबल मदरबोर्डवर याच प्रकारच्या सॉकेटमध्ये असते, ती काढून कार्डात लावा. त्या मशीनला लो-प्रोफाइल (कमी उंचीची) पट्टी लागते, ती कार्डासोबत मिळते का विचारा.

एसएसडी जास्त असतील तर हे कार्ड घेऊ नका. ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवणारा आदेश, फक्त त्याच एसएसडींना पोचतं ज्या ट्रिमनंतर शून्य वाचून देण्याची हमी नोंदवतात, आणि घरगुती वापराच्या बऱ्याच एसएसडी ती नोंदवत नाहीत. शिवाय पीसीआय एक्सप्रेस २.० च्या आठ लेनची मर्यादा तिथे आड येते. त्यासाठी ९३००-८आय बघा: सॅस३००८ चिप, पीसीआय एक्सप्रेस ३.०, सॉकेट एसएफएफ-८६४३ चे, म्हणजे केबल नव्या. साधन सॅस३फ्लॅश, पद्धत हीच. वीज जवळजवळ दुप्पट, तेरा वॅटच्या आसपास, म्हणून पंख्याची अट आणखी कडक. त्याची फर्मवेअर आवृत्ती १६.००.१२.०० बघून घ्या. साटा डिस्क अधूनमधून रीसेट होण्यावरचा इलाज तिच्यात आहे. ९३००-१६आय मात्र छोट्या सर्व्हरच्या वाटेला जाऊ नये. एका कार्डावर दोन चिप, वेगळी वीज, आणि उष्णता अशी की टॉवरमध्ये आवरत नाही.

पैसे परवडत असतील तर ९२११ एकदम दोन घ्या. दोन्हींवर एकाच दिवशी तेच फर्मवेअर चढवा, दुसऱ्याच्या पिशवीवर सॅस अॅड्रेस आणि आवृत्ती लिहून कपाटात ठेवा. आयटी मोडमध्ये रेडची माहिती कार्डात नसते, डिस्कवर असते. म्हणून पहिलं बंद पडलं तर दुसरं बसवून केबल कुठल्याही क्रमाने लावल्या तरी पूल तसाच उभा राहतो, आणि हे काम अर्ध्या तासात होतं.