घरकुल पक्कं आहे, पण विडी वळायला बसायचं कुठं? (3 स्टार)

मावशीला सोलापूरच्या कडेला सरकारी घरकुल मिळालं. आरसीसी बांधकाम, संडास घरात, भाडं सुटलं, हे लय मोठं काम झालं. पण 30 चौरस मीटरचा हा नकाशा काढणाऱ्यानं इथल्या बायका घरीच विड्या वळतात हे बघितलंच नाही हो, तेंदूची पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची आणि त्याची धूळ त्याच खोलीत, जिथं पोरं झोपतात. खिडक्या समोरासमोर नाहीत म्हणून वारंच फिरत नाही, मे महिन्यात 42 डिग्रीला स्लॅब रात्रीपण तापलेला. पाणी चार-पाच दिवसाआड, साठवायला जागा नाही. विड्या द्यायला गावात जायचं तर रिक्षातच मजुरी जाते. प्रत्येक मजल्यावर एक मोकळा हवेशीर व्हरांडा काढा, बायका तिथं बसतील.